नऊ हजार दोनशे पन्नास रुपयांचा राग

पत्राचा सारांश: पुण्यातील एक वाचक लिहितात की त्यांचे वय ४१ असून ते माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करतात. वार्षिक पगार २२ लाख रुपये. घरी पत्नी, मुलगी, ७२ वर्षांचे वडील आणि ६८ वर्षांची आई. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करपद्धतीनुसार त्यांच्या पगारातून २,४०,५०० रुपये आयकर कापला जाणार आहे. त्यातले ९,२५० रुपये ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ म्हणून जातात. आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा ६४,००० रुपयांचा हप्ता वेगळा. मध्यंतरी वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ३,९०,००० रुपयांच्या बिलातले १,१०,००० रुपये विमा कंपनीने खोलीभाड्याच्या मर्यादेचे कारण देऊन नाकारले. त्याच महिन्यात त्यांच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या यजमानांची अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बिल न भरता झाली. मावशी पेढे घेऊन आल्या, आणि यांच्या तोंडून निघून गेले, “तुमचं बरं आहे मावशी, सगळं आमच्या पैशांवर फुकट.” मावशींनी पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. वाचक सुटीच्या दिवशी एका लहान कंपनीला तांत्रिक सल्ला देतात, त्याचे ३ लाख रुपये मार्चअखेर मिळायचे आहेत. ते आईच्या खात्यावर घ्यावेत, असे एक सहकारी सुचवतो. त्यांचे प्रश्न दोन: ज्या रुग्णालयात आपण कधी पाऊल टाकणार नाही, त्याच्यासाठी मिळकतीच्या प्रमाणात कर घेणे न्याय्य आहे का? आणि नसेल, तर हे ३ लाख दाखवण्याचे बंधन आपल्यावर उरते का?

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात तीन राग एकमेकांत मिसळले आहेत. विमा कंपनीवरचा राग रास्त आहे आणि सरकारवरचाही बऱ्याच अंशी रास्त आहे. मावशींवरच्या रागाचा मात्र तुमच्या बुडालेल्या १,१०,००० रुपयांशी काडीचाही संबंध नाही. बोलून मोकळे व्हायला त्या क्षणी स्वयंपाकघरात त्याच तेवढ्या उभ्या होत्या, इतकेच. हे तुम्हालाही आतून कळलेले असावे, नाहीतर ओट्यावर ठेवलेला पेढ्यांचा पुडा तुमच्या पत्रात आला नसता.

आधी रकमेकडे पाहू. हा उपकर, म्हणजे करावरचा कर, २०१८च्या अर्थसंकल्पापासून आयकराच्या रकमेच्या ४ टक्के आहे. त्याआधी नुसता शिक्षणाचा उपकर होता आणि तो ३ टक्के होता. तुमचे ९,२५० रुपये म्हणजे महिन्याला साधारण ७७० रुपये होतात, आणि त्यातही शिक्षण आणि आरोग्य असे दोन वाटेकरी आहेत. उपकराखेरीज इतर करातूनही आरोग्यावर खर्च होतो, हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेच आहे. केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला आहे आणि त्यातले सुमारे १ लाख कोटी आरोग्य मंत्रालयाला दिले आहेत, म्हणजे शंभरातले दोन रुपये. याच प्रमाणाने ढोबळ हिशेब केला, तर तुमच्या २,४०,५०० रुपयांतले ४,८०० रुपये या मंत्रालयाच्या वाट्याला जातात. त्याच वर्षी तुम्ही खासगी विम्याला ६४,००० रुपये दिले आणि ऐन वेळी आणखी १,१०,००० रुपये खिशातून भरले. तुमच्या घराचे अंदाजपत्रक कोणी कोलमडवले, हे या आकड्यांवरून उघड आहे. तरीही वचावचा बोललात ते ४,८०० रुपयांबद्दल. करकपात दर महिन्याला पगारचिठ्ठीवर छापून येते, विम्यातली पळवाट मात्र रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर एकदाच भेटते, म्हणून असे होत असावे.

आता ‘आमच्या पैशांवर’ या शब्दांकडे येते. तुम्ही धरून चालला आहात की तुम्ही कर भरता आणि मावशी भरत नाहीत. आयकर त्या भरत नाहीत, हे खरे आहे. पण त्या २९९ रुपयांचा मोबाइल रिचार्ज मारतात, तेव्हा त्यातले सुमारे ४५ रुपये जीएसटीचे असतात. तुम्ही तोच रिचार्ज मारलात तर तुमचेही ४५च जातात. साबण, टूथपेस्ट, डोक्याला लावायचे तेल यांवर सप्टेंबर २०२५पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, आता तो ५ टक्के झाला आहे. पेट्रोल-डिझेलवरचे केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट भाजीच्या टेम्पोतून, शेअर रिक्षातून त्यांच्या पिशवीपर्यंत पोहोचतोच. रुपयांत मोजले तर त्यांच्यापेक्षा तुम्ही कितीतरी अधिक कर भरता, याबद्दल वाद नाही. पण दुकानातला कर गिऱ्हाईकाची मिळकत विचारत नाही. महिन्याला १२,००० कमावणाऱ्या बाईचा जवळजवळ सगळा पैसा महिनाअखेरपर्यंत खर्च होतो, त्यामुळे तिच्या सगळ्या मिळकतीला हा कर चिकटतो. तुमचा जो पैसा एसआयपीत आणि भविष्य निर्वाह निधीत जातो, त्याला तो चिकटत नाही. मिळकतीच्या प्रमाणात घेतला जाणारा आयकर हा या बाजूने गेलेला तोल थोडाफार सावरतो. एकट्या आयकराची ओळ पाहून न्याय-अन्याय ठरवणे म्हणजे बिलातली एकच रक्कम वाचून हॉटेल महाग की स्वस्त ते ठरवण्यासारखे आहे.

तरीही तुमचा प्रश्न शिल्लक राहतो: सगळ्यांना सारखाच उपचार मिळणार असेल, तर सगळ्यांकडून सारखीच रक्कम का घेऊ नये? ही पद्धत कागदावर मांडून पाहू. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२मध्ये केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था मिळून सरकारने आरोग्यावर दरडोई ३,१६९ रुपये खर्च केले. ते डोई मोजून वसूल करायचे ठरवले, तर चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला १२,६७६ रुपये पडतील. तुमच्या पगारात ही रक्कम दोन दिवसांत निघते. मावशींना त्यासाठी सबंध महिनाभर राबावे लागेल आणि वर आणखी काही रुपये उसने घ्यावे लागतील. रक्कम सारखी म्हणून भारही सारखा, असे या हिशेबानंतर तुम्ही म्हणणार नाही, अशी माझी खात्री आहे.

अशा सरसकट कराचा एक नमुना महाराष्ट्रात पन्नास वर्षे चालू आहे आणि तो तुमच्याच पगारचिठ्ठीवर ‘पी. टी.’ या नावाने बसलेला आहे. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर. राज्यघटनेने त्याला हीच कमाल मर्यादा घातली आहे. दरमहा १५,००० पगाराच्या पुरुष सुरक्षारक्षकाला तो त्याच्या वर्षाच्या पगाराच्या सुमारे १.४ टक्के पडतो, तर तुम्हाला ०.११ टक्के. तुमच्या सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या माणसाने या करावरून तुम्हाला कधी टोमणा मारल्याचे तुमच्या पत्रात नाही. (हा कर १९७५मध्ये रोजगार हमी योजनेसाठी म्हणून लावला गेला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाच्या मजुरीत शहरातल्या पगारदाराने वाटा उचलावा, ही कल्पना या राज्याला नवी नाही.)

मिळकतीनुसार वर्गणी आणि गरजेनुसार उपचार, हीदेखील आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेले ‘ईएसआय’चे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कार्ड याच तत्त्वावर चालते. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. म्हणजे १०,००० वेतनाचा कामगार ७५ रुपये देतो आणि २०,००० वेतनाचा १५० रुपये. मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिस दोघांनाही सारखेच मिळते. १५० देणारा ७५ देणाऱ्याला फुकट्या म्हणत नाही. जर्मनीत १८८३पासून अशीच वेतनातून कपात होते, ब्रिटनने १९४८पासून तोच भार मुख्यतः करांवर टाकला. भारतात १९४६मध्ये ज्या समितीने पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये असे लिहून ठेवले, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले गृहस्थ होते. तुमचा प्रश्न त्यांच्यासमोरही होताच.

“ज्या रुग्णालयात मी कधी पाऊल टाकणार नाही,” हे तुमचे वाक्य मला सर्वांत अधिक खटकले, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तेच वाक्य आमच्याही घरात बोलले जात होते. मग माझ्या भाच्याला भटक्या कुत्र्याने पोटरीला चावा घेतला. जखम खोल होती, म्हणून लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही हवे होते. जवळच्या खासगी रुग्णालयाने चिठ्ठी लिहून दिली आणि बाहेरून आणायला सांगितले. चार औषधांची दुकाने फिरलो, कोणाकडेच ते नव्हते. रात्री साडेनऊला ते एका सरकारी रुग्णालयात मिळाले. तिथल्या रांगेत आमच्या पुढे कचरा वेचणारी एक मुलगी उभी होती, पायाला ओढणीचा तुकडा बांधून, आणि मागे एक गृहस्थ होते, ज्यांच्या हातात गाडीची किल्ली आणि वहीच्या पानाएवढा केसपेपर होता. परिचारिकेने तिघांच्याही जखमा साबणाच्या पाण्याने सारख्याच वेळ धुतल्या, आणि तिघांनाही पुढच्या तारखा लिहून देत सारख्याच आवाजात दटावले, “एकही सुई चुकवायची नाही.” तिथला बाक मोडका होता, पंखा बंद होता आणि स्वच्छतागृहाबद्दल न लिहिलेले बरे. पण औषध होते. ते त्या मुलीसाठी ठेवलेले होते, म्हणून आम्हालाही मिळाले.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले, तेव्हा त्यांना महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल केले गेले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका शिधापत्रिकेचा रंग विचारत नाही. क्षयरोग्याला मिळणारी मोफत औषधे तुमच्या मुलीच्या स्कूल बसच्या चालकाला बरे करतात आणि तुमच्या मुलीला वाचवतात. आणखी एक गोष्ट सवडीने विचारून पाहा: तुमच्या वडिलांचा खुबा ज्यांनी बसवला ते सर्जन शिकले कुठे? ते ससूनला जोडलेल्या बी. जे. महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थेत शिकले असतील, तर त्यांचा हात मावशींच्या यजमानांसारख्या रुग्णांवर बसला आणि त्यांच्या शिक्षणाचा मोठा खर्च सर्वांच्या करातून झाला. पाऊल टाकले नाही, तरी त्या इमारतीची सावली तुमच्या घरापर्यंत आलेली असते. शिवाय सवलती तुम्हालाही आहेत, फक्त त्यांना कोणी फुकट म्हणत नाही. कंपनी तुमच्या कुटुंबाच्या गट विम्याचा जो हप्ता भरते, तो तुमच्या करपात्र पगारात धरला जात नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला. हा सरकारने सोडून दिलेला महसूल आहे, आणि तो तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पदरात पडतो.

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुमचा राग निराधार नाही. पगारदाराच्या हातात पैसा पडण्याआधीच कर कापला जातो. समोरच्या इमारतीतला डॉक्टर, वकील किंवा दुकानदार रोख घेऊन अर्धी मिळकत दडवू शकतो, तुम्हाला ती सोय नाही. सारखी मिळकत असलेल्या दोन माणसांनी वेगवेगळा कर भरावा, हा या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे, आणि त्याबद्दल कितीही बोललात तरी मी तुमच्या बाजूने उभी राहीन. दुसरी गोष्ट उपकराची. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे. पण केंद्राच्या वाटपयोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना जातो, त्यात उपकर धरला जात नाही. आरोग्याच्या नावाने गोळा केलेला पैसा रुग्णालये चालवणाऱ्या राज्याला हक्काने मिळत नाही, केंद्राच्या योजनांच्या वाटेने येईल तेवढाच येतो. उपकरातला आरोग्याचा वाटा वर्षअखेर लोप पावू नये म्हणून २०२१मध्ये वेगळा निधी केला गेला, ते बरे झाले. पण तुमचे ९,२५० रुपये पुण्यातल्या कोणत्या पलंगापर्यंत आले, हे तुम्हाला सांगणारा कागद कुठेच नाही.

आणि एकूण पैसाच कमी आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे ठरवले होते. २०२१-२२मध्ये, म्हणजे कोरोनाच्या वर्षातही, तो १.८४ टक्के होता. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे पंधराव्या वित्त आयोगाने म्हटले. महाराष्ट्रासारखे श्रीमंत राज्य त्याच्या बरेच खाली आहे. त्याच २०२१-२२मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. या ‘लोकांत’ तुम्ही आहात आणि मावशीही आहेत. त्यांचा उपचार फुकट झाला असे तुम्ही लिहिता. यजमान रुग्णालयात असताना मावशींचे किती खाडे झाले, रिक्षाला किती गेले, घरी आल्यावर लागणाऱ्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या कुठून येतात, हे तुम्ही विचारलेले दिसत नाही.

माझे मत स्पष्टच सांगते. मिळकतीच्या प्रमाणात कर घेऊन सार्वजनिक आरोग्यव्यवस्था चालवणे न्याय्य आहे, आणि तुम्ही देता तो वाटा जास्त नाही. अन्याय आहे तो त्या पैशाचा हिशेब आणि त्याबदल्यात उभी राहायला हवी तशी रुग्णालये तुम्हाला न मिळण्यात. मात्र त्यात आपल्या वर्गाचाही हातभार आहे. आपण सरकारी दवाखान्यातून उठून गेलो, तेव्हा तक्रारअर्ज लिहू शकणारी, नगरसेवकाला फोन करू शकणारी, माहिती अधिकार वापरू शकणारी माणसेही तिथून उठली. मोडक्या बाकाबद्दल कचरा वेचणाऱ्या मुलीने कोणाला पत्र लिहायचे?

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला दिसू लागले असेल. मिळकत दडवणाऱ्यांमुळे पगारदारावर भार पडतो, असा तुमचा आक्षेप असेल, तर त्याच्यावरचा उपाय म्हणून तुम्हीही दडवणे हे अजब आहे. व्यवहार म्हणूनही ते शहाणपणाचे नाही. पैसे आईच्या खात्यावर गेले तरी काम तुम्ही केलेले आहे, त्यामुळे मिळकत तुमचीच राहते. ती कंपनी पैसे देताना बहुधा टीडीएस कापेल, त्यासाठी आईचा पॅन लागेल, आणि तिने न दिलेल्या तांत्रिक सल्ल्याच्या बिलावर ६८व्या वर्षी तिला सही करावी लागेल. उद्या नोटीस आली तर ती आईच्या नावाने येईल. सहकाऱ्याने सल्ला देताना हा भाग सांगितला नसावा.

हे ३ लाख सरळ दाखवलेत, तर सध्याच्या पगारावर आणखी ७९,३०० रुपये कर बसतो. पण तांत्रिक सल्लागारांना ‘अनुमानित उत्पन्ना’ची तरतूद लागू होते, तिच्यात मिळालेल्या रकमेचा निम्मा भाग खर्च म्हणून गृहीत धरून उरलेला निम्माच उत्पन्न म्हणून दाखवता येतो. तुमचे काम त्या तरतुदीत बसत असेल, तर कर ३९,००० रुपयांवर येईल, आणि तोही पूर्णपणे कायदेशीरपणे. सनदी लेखापालाकडे एक तास बसा, १५ मार्चच्या आत आगाऊ कर भरा, आणि त्याआधी तुमच्या नोकरीच्या करारात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, ते वाचा. हा मुद्दा तुम्ही पत्रात टाळला आहे, असे मला वाटते.

विम्याच्या १,१०,००० रुपयांसाठी मात्र जरूर भांडा. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून काही कंपन्या औषधे आणि बसवलेल्या साहित्याच्या किमतीलाही त्याच प्रमाणात कात्री लावतात, त्यामुळे पॉलिसीतला मजकूर आणि कपातीचा तपशील शेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ पाहा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. माझ्याकडे पत्रे लिहिणाऱ्यांतले बहुतेक जण कंपनीच्या पहिल्या नकारावरच थांबतात.

आणखी दोन कागद सर्वच वाचकांनी तपासावेत. २०२४च्या ऑक्टोबरअखेरीपासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, मिळकत कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आधारवरून निघते, आणि खासगी विमा असला तरी चालते. तुमचे वडील ७२ वर्षांचे आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी ते या योजनेचे हक्कदार होते आणि घरातल्या कोणालाही ते ठाऊक नव्हते. दुसरा कागद शिधापत्रिकेचा. ज्या योजनेतून मावशींच्या यजमानांचा उपचार झाला, ती २०२३च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आहे. त्यात एक लाखावर मिळकत असलेल्यांची पांढरी शिधापत्रिकाही आली, आणि मर्यादा कुटुंबामागे ५ लाख रुपये झाली. म्हणजे ज्या योजनेला तुम्ही ‘आमच्या पैशांवर त्यांचे फुकट’ म्हणालात, तिच्यात तुम्हीही आहात. फक्त तुमची शिधापत्रिका कपाटात कुठे आहे आणि तिच्यात मुलीचे नाव चढवले आहे की नाही, ते पाहावे लागेल. या योजनांत सगळी रुग्णालये नाहीत, काही उपचार ठरावीक ठिकाणीच होतात, आणि यादीत नाव असूनही टाळाटाळ करणारी रुग्णालये आहेत. म्हणून दाखल होण्याआधीच १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकांवर विचारून घ्यावे.

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या असतात. तुमच्या भागातल्या रुग्णालयाच्या समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि कोणती औषधे शिलकीत नव्हती, एवढे तीन प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात मावतात, आणि अर्जाला दहा रुपये लागतात. तुमचे ९,२५० रुपये कुठे गेले याचे पूर्ण उत्तर त्यातून मिळणार नाही. पण कोणीतरी विचारते आहे, हे तिथे कळेल.

राहता राहिल्या मावशी. त्यांची माफी मागताना करांचा हा सगळा हिशेब त्यांना ऐकवू नका. “त्या दिवशी मी चुकीचं बोललो,” एवढे पुरे. मग त्यांना यजमानांच्या गोळ्यांबद्दल विचारा, आणि खाड्यांचे पैसे कापले असतील तर ते परत द्या. त्यानंतर वडिलांचे कार्ड काढायचे आहे म्हणून त्यांनाच विचारा की रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल कुठे असते, तो किती वाजता जागेवर भेटतो, कोणत्या कागदाच्या किती झेरॉक्स लागतात आणि कोणत्या खिडकीवर उगीच थांबू नये. हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगले ठाऊक आहे.